झोपेतही थांबत नाही ती धडधड

"मॅडम, कारण नसताना छातीत धडधडतं, झोप लागत नाही, जरा काही झालं की चिडते. मला वेड तर लागायचं नाही ना?"

लातूरला समुपदेशन करताना हा प्रश्न मी इतक्यांदा ऐकलाय की पुढचं वाक्य काय येणार तेही कळतं. बहुतेकांच्या बाबतीत मूळ काळजीतच सापडतं. घटनेला आपण जो अर्थ देतो त्यातून भावना तयार होते, यावर माझा विश्वास आहे आणि त्याच वाटेनं मी वर्षानुवर्षं काम करते. पण त्या वाटेला लागण्याआधी आता मी शरीराची चौकशी करते. ते मला औसा तालुक्यातल्या एका सुनेनं शिकवलं. ओळख पटेल असे तपशील अर्थातच बदलले आहेत.

मार्गशीर्षातली थंडी होती. सासूबाई शाल गुंडाळून बसलेल्या, आणि सून पातळ सुती साडीत, कपाळाला घाम. बसल्या बसल्या म्हणाली, "पंखा लावता का?"

"बघा," सासूबाई म्हणाल्या, "घरीबी असंच. आमाला हुडहुडी भरती अन् हिला पंखा. चार-चार भाकरी खाती, तरी वाळूनच चालली. काही बोलावं तर डोळे वटारून बघती. तुळजापूरला जाऊन आलो, झोपेच्या गोळ्या झाल्या. भूकंपानंतर मलाबी असंच धडधडायचं, भ्यानं. हिला कशाचं भ्या हाय, तेवढं इचारा."

किल्लारीचा भूकंप, 30 सप्टेंबर 1993. आमच्या भागात त्या पिढीला धडधड म्हटलं की भीतीच आठवते. मलाही तेच पटलं. पहिल्या दोन भेटींत मी तिच्या काळज्या शोधत राहिले आणि तिनं त्या शोधून दिल्या: सोयाबीनचा भाव, मुलाची शाळा, नवऱ्याचं कर्ज. त्यांवर आम्ही चांगलं कामही केलं. धडधड मात्र तशीच.

तिसऱ्या भेटीत मी तिच्या हातात कागद दिला. तो थरथरायला लागला. मी तिचा हात धरला. ओला होता, पण गरम. काळजीनं घाम फुटलेला हात बहुधा गार लागतो. मी विचार करत होते, तेवढ्यात ती हळूच बोलली, "मॅडम, मला कशाचंच भ्या वाटना. पर चुलीपुढून उठताना भिंत धरावी लागायली. मांड्यांत जोरच नाही."

काळजीनं माणूस थकतं, पण उकिडवं बसल्यावर उठताच येईना, हे वेगळं. मी नवऱ्याला एक काम सांगितलं: ती गाढ झोपली की मनगटावर बोटं ठेवून पूर्ण मिनिटभर नाडी मोजा आणि लिहून ठेवा. त्यानं तीन रात्री मोबाईलच्या उजेडात मोजली. मुलाच्या वहीचं पान घेऊन आला. 114, 118, 112.

त्या पानाकडं मी किती तरी वेळ बघत बसले. माणूस झोपला की त्याचे विचारही निजतात, आणि काळजीनं पळणारी नाडी सहसा खाली येते. इथं विचार निजले होते, काळीज धावतच होतं. मग त्याला पळवणारं विचारांत नव्हतंच. माझ्या पद्धतीनंच मला तिची हद्द दाखवली, आणि ती वेळेवर दिसली याचं मला आजही समाधान आहे. ताप असला, रक्त कमी असलं तरी नाडी वाढते, म्हणून निदान डॉक्टरांवरच सोडलं. रक्ततपासणीत तिचा टीएसएच 0.01, म्हणजे अगदीच कमी आला, आणि टी-3 व टी-4, म्हणजे थायरॉईड ग्रंथीचे रस, खूप वाढलेले. ग्रेव्हज नावाचा आजार निघाला. त्यात शरीराची प्रतिकारशक्तीच थायरॉईडला सतत डिवचत राहते.

गळ्याच्या पुढच्या बाजूला फुलपाखराच्या आकाराची ही ग्रंथी साऱ्या शरीराचा वेग ठरवते. तिचा रस जास्त झाला की शरीर पेटलेल्या चुलीसारखं जळण खात सुटतं. म्हणून भूक वाढूनही वजन उतरतं, थंडीत उकडतं, शौचाला वरचेवर जावं लागतं, पाळी कमी होते, हात कापतात. मांड्या-खांद्यांचे स्नायू झिजतात. झोप उडते, मन सैरभैर होतं, आणि नेमकं तेवढंच लोकांना दिसतं. दुर्लक्ष झालं तर हृदयाचे ठोके अनियमित होऊ शकतात, हाडं ठिसूळ होतात.

टीएसएच कमी म्हणून थायरॉईड कमी, असा घोळ पुष्कळ जण घालतात. टीएसएच हा मेंदूतल्या ग्रंथीनं थायरॉईडला दिलेला हुकूम. काम आधीच जास्त होतंय म्हटल्यावर हुकूम बंद होतो. म्हणून शेजारणीची 'थायरॉईडची गोळी' कधीही घेऊ नका. ती बहुधा रस कमी पडणाऱ्यांची असते, इथं ती आगीत तेल ओतेल. डॉक्टरांनी दिलेली कार्बिमाझोलसारखी गोळी गुण यायला काही आठवडे घेते आणि बहुधा वर्ष-दीड वर्ष चालते. बरं वाटलं म्हणून मनानं सोडायची नाही. ती चालू असताना ताप येऊन घसा दुखला, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडं जा. पांढऱ्या पेशी एकदम घटण्याची ती खूण असू शकते. मूल हवं असेल तर आधी डॉक्टरांशी बोला, कारण औषध बदलावं लागतं.

धडधड काही आठवड्यांत उतरली. घरात तिला चिकटलेलं नाव उतरायला जास्त दिवस लागले, आणि माझं खरं काम तिथं सुरू झालं. एका भेटीत मी सासूबाईंना समजावलं की या आजारात वरची पापणी मागं ओढली जाते, बुबुळाच्या वरचं पांढरं दिसतं, नजर रोखल्यासारखी वाटते.

"म्हंजे ती मला डोळे वटारत नव्हती?"

"नाही."

सासूबाई गप्प झाल्या. शालीचं टोक बोटाला गुंडाळत राहिल्या. मग सुनेकडं न बघताच म्हणाल्या, "उकडायलंय का ग? पंखा लावायला सांगू?"