शनिवारचा दीड तास

या वेळी पत्रांच्या गठ्ठ्यात एकच विषय सारखा येत होता, शाळेतली समाजसेवा. तिन्ही पत्रं मुलींच्या ख्रिस्ती शाळांमधून आलीयेत म्हणून एकत्रच घेतली.

प्रश्न : ताई, माझी मुलगी पुण्यात एका कॉन्व्हेंटमध्ये नववीला आहे, आयसीएसई बोर्ड. शाळेने कम्युनिटी सर्व्हिसचा फॉर्म पाठवलाय, दर शनिवारी दीड तास, वृद्धाश्रम, वस्तीतल्या मुलांना शिकवणं किंवा अंध विद्यार्थ्यांना वाचून दाखवणं यातलं एक निवडायचं. पुढच्या वर्षी दहावी आहे. मिस्टर म्हणतात क्लास बुडेल, सासूबाई म्हणतात नन्सबरोबर पाठवलं की हळूहळू धर्माचं शिकवतील. मुलगी हटून बसलीये. काय करू?
– एक आई, पुणे

उत्तर : पाठवा. आधी मिस्टरांचं बघू. आयसीएसईला एसयूपीडब्ल्यू म्हणजे समाजोपयोगी उत्पादक काम आणि कम्युनिटी सर्व्हिस हा सक्तीचा भाग आहे, शाळाच ग्रेड देते आणि त्यात पास झाल्याशिवाय दहावीचं पास सर्टिफिकेट मिळत नाही. म्हणजे हे अभ्यास सोडून काहीतरी वेगळंच चाललंय असं नाहीये, अभ्यासातच धरलेलं आहे. आणि दीड तासाने दहावी बुडत नाही हो, आठवड्यात तेवढा वेळ मोबाईलमध्ये कसा जातो ते आपल्याला कळतसुद्धा नाही.

सासूबाईंच्या शंकेला मात्र उडवून लावू नका. त्यांनी काहीतरी ऐकलेलं असतं, काळजी नातीचीच असते. त्यांना सांगा की राज्यघटनेच्या कलम 28(3) प्रमाणे सरकारमान्य किंवा अनुदानित शाळेत कुणालाच धार्मिक शिक्षणाला किंवा प्रार्थनेला बसायची सक्ती करता येत नाही, आणि मूल अल्पवयीन असेल तर पालकांची संमती लागते. आमच्या वेळी ख्रिस्ती मुली कॅटेकिझमला म्हणजे त्यांच्या धर्मशिक्षणाच्या तासाला जायच्या आणि आम्ही बाकीच्या मॉरल सायन्सच्या तासाला बसायचो, आणि हे कुणाला वेगळं समजावून सांगावं लागलं नाही. तरी मन मानत नसेल तर पहिल्या शनिवारी सासूबाईंनाच नातीबरोबर पाठवा. खरंच पाठवा. वृद्धाश्रमात त्यांच्या वयाच्या बायका भेटतील, गप्पा होतील आणि घरी आल्यावर त्याच तुमची बाजू घेतील असं मला फार वाटतं.

मी स्वतः नववीत असताना शनिवारी एका वृद्धाश्रमात जायचे. तिथे एक आजी होत्या, नजर अधू झालेली पण शिवणाची आवड सुटलेली नव्हती, फाटलेले अभ्रे, सैल झालेली बटणं, इतरांचे परकरसुद्धा त्याच शिवायच्या. त्यांना सुईत दोरा ओवता यायचा नाही, तेवढंच. मग आम्ही गेलो की पहिलं काम काय, तर सात सुया घ्यायच्या, प्रत्येकीत हातभर लांब दोरा ओवायचा, गाठ मारायची आणि उशीच्या कडेला ओळीने टोचून ठेवायच्या. पुढच्या शनिवारपर्यंत रोजची एक. एकदा परीक्षेमुळे आम्ही दोन शनिवार गेलो नाही, तर त्या काही बोलल्या नाहीत, फक्त रिकाम्या सुयांची उशी पुढे केली. त्या दिवशी मला कळलं की आपण येतो म्हणजे काय होतं आणि येत नाही म्हणजे काय होतं. म्हणून माझं एकच सांगणं असतं, एकच जागा धरा आणि तिथे वर्षभर जा, आठ ठिकाणी एकेकदा जाऊन काही होत नाही.

आता कुठला पर्याय निवडायचा. मुलगी नववीत आहे आणि पुण्यात आहे, तर अंध विद्यार्थ्यांचं काम तिच्या वयाला अगदी बसतं. आपल्याकडे दहावीच्या बोर्डाला अंध विद्यार्थ्यांना रायटर म्हणजे लेखनिक लागतो आणि तो खालच्या इयत्तेतला घेतात, म्हणून नववीच्या मुलींना दर वर्षी मागणी असते. तासाला वीस मिनिटं जादा मिळतात, म्हणजे तीन तासांचा पेपर चार तासांवर जातो. हे काम दिसतं सोपं पण तसं नाहीये, समोरच्याने सांगितलं तेच लिहायचं, उत्तर चुकतंय हे दिसत असलं तरी आपण तोंडातून शब्द काढायचा नाही, भुवई सुद्धा उडवायची नाही म्हणा, आणि तो थांबला की आपणही थांबायचं. एक गोष्ट आधीच प्रामाणिकपणे बघा, इंग्रजी माध्यमाच्या मुलींचा मराठी लिहायचा हात हळू असतो, पेपर मराठीत असेल तर त्याचं नुकसान समोरच्या मुलीला होतं. तेव्हा तिने आधी दोन-तीन महिने नुसतं वाचून दाखवायला जावं, सराव पेपर लिहून बघावेत, जमलं तरच बोर्डाला लेखनिक म्हणून बसावं. तिची स्वतःची वार्षिक परीक्षा त्याच दिवसांत येत नाही ना तेही शाळेत विचारून घ्या.

आणि आई म्हणून चार गोष्टी विचारायला लाजू नका, बरोबर कोण टीचर जाणार, गाडी कुणाची, मुली जोडीने असतात ना, बंद खोलीत कुणाबरोबर एकटी थांबायची वेळ येत नाही ना. चांगल्या शाळेला या प्रश्नांचा राग येत नाही. मुलीला एवढंच सांगा की स्वतःचा फोन नंबर आणि घरचा पत्ता तिथे कुणाला द्यायचा नाही.

प्रश्न : ताई मी मुंबईत गर्ल्स स्कूलमध्ये आठवीत आहे. आमच्या शाळेत दर नाताळला आम्हाला एका अनाथाश्रमात नेतात, आम्ही बिस्किटं वाटतो, कॅरल म्हणतो, फोटो काढतात आणि बसमध्ये बसून परत. मागच्या वर्षी एक छोटी मुलगी माझा हात सोडतच नव्हती आणि मला ओढून बसमध्ये बसवलं. मला खूप वाईट वाटलं. मला खरं काहीतरी करायचंय, पण मी आठवीत आहे, मला कोण विचारणार?
– एक वाचक, मुंबई

उत्तर : अगं, तुला वाईट वाटलं हे अगदी बरोबर वाटलं. ती छोटी तुझ्या बिस्किटांना धरून बसली नव्हती, तुझ्या हाताला धरून होती, आणि तू परत येणार नाहीस हे तिला बहुतेक माहीत असणार. शाळेवर रागावून बसू नकोस, त्यांचाही हेतू चांगलाच असतो, पण वर्षातून एकदाच्या भेटीने होत नाही हे तू टीचरला बोलून दाखव.

आठवीच्या मुलीला कोण विचारणार म्हणतेस, तर तुला कोलकात्याचं सांगते. तिथे सियालदाला लोरेटो या नन्सच्या संघाची मुलींची शाळा आहे, 1979 पासून सिस्टर सिरिल मूनी तिथे प्रिन्सिपल होत्या, आयर्लंडच्या, 2007 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांनी 1985 मध्ये शाळेचं दार रस्त्यावरच्या मुलांसाठी उघडलं, रेनबो म्हणायचे त्याला, आणि या मुलांना शिकवायचं कुणी तर शाळेतल्याच मुलींनी, पाचवीपासूनच्या, टाइमटेबलमध्येच त्याचा तास ठेवलेला. एक मूल आणि एक मुलगी, शेजारी बसून. वाटप करायला बाहेर जायचं नाही, मुलांनाच शाळेत आणायचं, हे मला त्यातलं फार मोठं वाटतं. तिथे पाचवीची मुलगी शिकवायची, तू तर आठवीत आहेस!

आणि त्याच शहरात त्याच्याही आधीची गोष्ट. मदर तेरेसा एंटालीच्या सेंट मेरीज या मुलींच्या शाळेत शिकवायच्या. शाळेच्या भिंतीपलीकडे मोतीझील नावाची वस्ती. तेव्हा लोरेटोच्या नन्सना आवाराबाहेर पडायची मुभा नसायची, पण शाळेतल्या मुली मात्र दर आठवड्याला त्या वस्तीत आणि हॉस्पिटलमध्ये जायच्या आणि येऊन सांगायच्या. पुढे मदरनी शाळा सोडून वस्तीत काम सुरू केलं तेव्हा 19 मार्च 1949 ला पहिली जी मुलगी त्यांच्याकडे आली ती त्यांची विद्यार्थिनीच होती, सुभाषिनी दास. आपण नेहमी मदरचंच नाव घेतो, पण त्या वस्तीत आधीपासून जाणाऱ्या या शाळकरी मुलीच होत्या.

तुझ्यापुरतं बोलायचं तर चार-पाच मैत्रिणी जमव, एकटी जाऊ नकोस. टीचरला सांग की आम्हाला त्याच अनाथाश्रमात महिन्यातून दोनदा जायचंय, वाटायला काही नको, फक्त छोट्यांचा होमवर्क घेऊ आणि खेळू. तिथल्या मुलांचे फोटो मात्र काढायचे नाहीत आणि कुठे टाकायचे तर मुळीच नाहीत. शाळेने नाहीच म्हटलं तर शाळेत गाइड्सचं पथक आहे का बघ, त्यात सेवेला जागा असते. चौदा पूर्ण झाल्यावर इंटरनॅशनल अवॉर्ड फॉर यंग पीपल म्हणून एक कार्यक्रम आहे, ब्राँझ लेव्हलपासून, त्यात आठवड्याला तासभर सेवा असं महिनोन्‌महिने करावं लागतं, शाळा त्यात असेल तर नाव घाल. आणि अकरावीला एनएसएस म्हणजे राष्ट्रीय सेवा योजना आहेच, 1969 पासून चालू आहे, वर्षाला 120 तास काम. पण त्याची वाट बघत बसू नकोस, ती छोटी तोवर मोठी होईल.

प्रश्न : ताई, मी नगर जिल्ह्यातल्या मिशनच्या कन्याशाळेत शिक्षिका आहे, मराठी माध्यम. आमच्या बोर्डिंगमधल्या निम्म्याहून जास्त मुली ऊसतोड कामगारांच्या आहेत. वरून सेवा उपक्रम घ्या म्हणून सांगतात. यांनाच गरज आहे, या कुणाची सेवा करणार?
– एक बाई, अहिल्यानगर

उत्तर : बाई, तुमचा प्रश्न वाचून मी थोडा वेळ थांबले. पण मला वाटतं याच मुली सगळ्यात जास्त करू शकतात, कारण कुणाला काय लागतं हे त्यांना विचारावं लागत नाही.

दौंडजवळच्या केडगावचं मुक्ती मिशन तुमच्यापासून लांब नाही. 1896-97 च्या दुष्काळात पंडिता रमाबाईंनी मध्य प्रांतातून आणलेल्या मुली, काहींच्या अंगावर धड कपडे नव्हते, त्यांनीच पुढे तिथली शेती, विणकाम, छापखाना चालवला. रमाबाईंची मुलगी मनोरमाबाई, त्यांनी ब्रेल शिकून तिथल्या अंध मुलींना वाचायला शिकवलं. रमाबाईंनी मूळ हिब्रू-ग्रीकवरून केलेलं मराठी बायबलही तिथल्या बायका-मुलींनीच छपाईचे खिळे जुळवून छापलं. त्यांना कुणी तुम्ही गरीब आहात तर राहू द्या म्हटलं नाही.

तुमच्या मुलींना बाहेर नेऊच नका सुरुवातीला. आठवीच्या मुलीने बोर्डिंगमधल्या दुसरीच्या मुलीचं रोज अर्धा तास वाचन घ्यायचं, जोडी वर्षभर बदलायची नाही, ही सेवाच आहे, तशी वहीत नोंद करा. दुसरं, सरकारचा उल्लास, नवभारत साक्षरता कार्यक्रम आहे, 2022 ते 2027, पंधरा वर्षांच्या पुढच्या असाक्षरांसाठी, आणि त्यात शिकवणारे स्वयंसेवकच असतात. परीक्षा 150 मार्कांची, वाचन, लेखन आणि हिशोब. मुली सुट्टीला घरी जातात तेव्हा गावात राहिलेली आजी असते, तिला सही शिकवायची, पासबुकातली रक्कम वाचायला शिकवायची. आई-वडील तोडीहून परतले की मुकादमाच्या वहीतला उचलीचा म्हणजे आगाऊ घेतलेल्या पैशांचा आकडा वाचून दाखवायचा आणि मग तोच आकडा आईला वाचायला शिकवायचा.

आजीच्या पासबुकाची झेरॉक्स मुलीच्या दप्तरात देऊन बघा. आकडे मोठे करून, दोन कॉपी, एक आजीला आणि एक तिला. मग दिवाळीनंतर काय झालं ते मला नक्की लिहून कळवा, मी वाट बघतेय.