कुत्री पहिल्यांदा हीटवर (माजावर) आलीय का? मग एवढं बघा

घाबरू नका हो, पहिल्या वेळेला सगळ्यांचीच धांदल उडते. लहान जातीची कुत्री ६-७ महिन्यांत माजावर येते, मोठ्या जातीला दीड-दोन वर्षंही लागतात, आणि एकूण प्रकार साधारण ३ आठवडे चालतो.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे माजात जाणारं रक्त कमी झालं, फिकट झालं की लोकांना वाटतं संपलं आणि पट्टा सोडतात, अहो खरा धोका तिथूनच सुरू होतो, साधारण दुसऱ्या आठवड्यात ती नराला जवळ येऊ देते आणि गर्भ राहतो तो तेव्हाच. बायकांच्या पाळीसारखं हे नसतं, ते डोक्यातून काढाच.

- पूर्ण ३-४ आठवडे पट्ट्यावरच फिरवा, गच्चीत-अंगणात एकटी नको. घरातला नर कुत्रा तिचा सख्खा भाऊ असला तरी वेगळा ठेवा, त्यांना नातं कळत नाही.
- माज सुरू झाल्याची तारीख लिहून ठेवा.

आणि हे प्लीज लक्षात ठेवा, माज संपल्यावर महिना-दोन महिन्यांत ती खूप पाणी प्यायला लागली, मलूल झाली, खाणं सोडलं तर गर्भाशयात पू झालेला असू शकतो, त्याच दिवशी डॉक्टरकडे न्या. पिल्लं नको असतील तर नसबंदीच्या ऑपरेशनचं आत्ताच विचारून ठेवा, ब्रीडिंगचं नंतर बोलू.