सीपीयू १३ टक्के, मग कॉम्प्युटर ढिम्म का?

प्रश्न : सर, एक्सेलची एक मोठी फाईल आहे, त्यात मॅक्रो चालवला की दहा-दहा मिनिटं नुसतं गोल फिरत बसतं. टास्क मॅनेजर उघडून बघितलं तर सीपीयू फक्त १२-१३ टक्के, रॅम पण अर्धी रिकामी. मग अडतंय कुठे? आणि डिटेल्समध्ये सिस्टिम आयडल प्रोसेस नावाचं काहीतरी ८७ टक्के खातंय, एंड टास्क केलं तर होत नाही. व्हायरस आहे का?

उत्तर : आधी त्या आयडल प्रोसेसला सोडा, ती काही खात नाहीये. प्रोसेसर जेवढा वेळ रिकामा बसला तेवढा वेळ विंडोज तिच्या नावावर टाकतं, म्हणजे ८७ दिसतंय याचा अर्थ ८७ टक्के मोकळं आहे. तिथला आकडा जितका मोठा तितकं चांगलंच, आणि ती बंद होत नाही म्हणून घाबरायचं काही कारण नाही.

आता तो १२-१३ चा आकडा. तुमच्या मशीनला बहुतेक ८ लॉजिकल प्रोसेसर, म्हणजे विंडोजला दिसणारे काम करणारे आठ जण, असणार (परफॉर्मन्स टॅबमध्ये सीपीयूवर क्लिक केलं की ग्राफच्या खाली लिहिलेलं असतं, बघून घ्या). टास्क मॅनेजर जो टक्का दाखवतो तो या आठही जणांचा मिळून असतो. १०० भागिले ८ म्हणजे साडेबारा. म्हणजे आठ जणांच्या ऑफिसात एकटाच मान मोडून काम करतोय आणि बाकीचे सात खुर्चीत बसलेत, आणि साहेब म्हणतात ऑफिसात काम फार नाही! व्हीबीएचा (एक्सेलच्या मॅक्रोची भाषा) मॅक्रो एकाच थ्रेडवर, म्हणजे कामाच्या एकाच धाग्यावर चालतो, त्याला कितीही कोअर (प्रोसेसरमधले काम करणारे भाग) द्या, तो दुसऱ्याला काम वाटूनच देत नाही. १६ लॉजिकल प्रोसेसर असते तर हाच मॅक्रो तुम्हाला ६ टक्के दिसला असता आणि तरी तेवढाच रखडला असता.

खात्री करायची असेल तर त्याच ग्राफवर राईट क्लिक करून चेंज ग्राफ टू, लॉजिकल प्रोसेसर्स करा. आठ छोटे ग्राफ दिसतील. त्यातला एकच सतत वर टेकलेला दिसेल असं मात्र नाही हं, कारण विंडोज तो थ्रेड या कोअरवरून त्या कोअरवर हलवत राहतं, त्यामुळे दोन-तीन ग्राफ अर्धेमुर्धे वर गेलेले दिसतात आणि माणूस फसतो.

म्हणून नवीन प्रोसेसर घ्यायची घाई नको, घेतलाच तर कोअर किती हे बघण्यापेक्षा एक कोअर किती वेगवान आहे ते बघा. त्याआधी मॅक्रोच बघा. तो एकेक सेल वाचत आणि लिहीत असेल तर सगळी रेंज एकदम अॅरेमध्ये (मेमरीतल्या तक्त्यात) घ्या, काम तिथे करा आणि एकदमच परत टाका, आणि मॅक्रो चालू असेपर्यंत स्क्रीन अपडेटिंग बंद, कॅल्क्युलेशन मॅन्युअल ठेवा, शेवटी दोन्ही परत चालू करायला विसरू नका. माझ्या मते तुमचं निम्मं दुखणं इथेच आहे.

प्रश्न : मी लिनक्स वापरतो. व्हिडिओ कन्व्हर्ट करताना टॉप (top) या चालू प्रोसेस दाखवणाऱ्या कमांडमध्ये एकाच प्रोसेससमोर ३८० टक्के येतं. शंभरच्या वर कसं काय?

उत्तर : टॉप एका कोअरला १०० धरतं, विंडोजसारखं सगळ्यांना मिळून नाही. ३८० म्हणजे जवळजवळ चार कोअर कामाला लागलेत, जे व्हिडिओ कन्व्हर्ट करताना व्हायलाच हवं. टॉप चालू असताना १ दाबलं तर प्रत्येक कोअर वेगळा दिसतो. मॅकच्या अॅक्टिव्हिटी मॉनिटरमध्ये पण प्रोसेससमोर असेच शंभरच्या वरचे आकडे येतात.

टॉपमध्ये सगळ्यात वर लोड अॅव्हरेजचे तीन आकडे असतात ते गेल्या १, ५ आणि १५ मिनिटांचे, पण ते टक्के नाहीत, सरासरी किती प्रोसेस चालू किंवा रांगेत होत्या ते असतं. लिनक्स त्यात डिस्कची वाट बघत अडकलेल्या प्रोसेस पण मोजतं, त्यामुळे लोड ९ आणि सीपीयू थंड असं दिसलं तर प्रोसेसरला दोष देऊ नका, डिस्क बघा.

प्रश्न : टास्क मॅनेजर उघडताच सीपीयू एकदम वर जातो आणि लगेच खाली येतो. कोणी लपतंय का?

उत्तर : बहुतेक वेळा तो टास्क मॅनेजर स्वतःच असतो, उघडताना सगळ्या प्रोसेसची माहिती गोळा करायला त्यालाही सीपीयू लागतोच. पहिले काही सेकंद सोडून द्या, सीपीयू कॉलमवर क्लिक करून जास्त वापरणारे वर आणा आणि पाच मिनिटं तसंच राहू द्या. अँटीमालवेअर सर्व्हिस एक्झिक्युटेबल वर दिसलं तर तो विंडोजचाच डिफेंडर आहे, स्कॅन संपला की शांत होतो.

टास्क मॅनेजर उघडला की गप्प बसणारे मायनिंगवाले (तुमच्या कॉम्प्युटरवर चोरून क्रिप्टोकरन्सी कमावणारे) मालवेअर असतात हे मात्र खरं. एरवी काही न करता पंखा जोरात फिरतोय आणि टास्क मॅनेजर उघडला की दरवेळी थोड्या वेळात शांत होतोय, असं होत असेल तर डिफेंडरचा ऑफलाइन स्कॅन मारा.