पगारातून कपात करून जवळच्या संस्थेला मदत: पावती कुणाच्या नावावर, हे आधी ठरवा

चाकणच्या कारखान्यातले तुम्ही ४० जण दरमहा २०० रुपये पगारातून कापून जवळच्या विशेष मुलांच्या शाळेला द्यायचं म्हणताय, आणि एचआर म्हणतं, आमच्या यादीतल्या मोठ्या संस्थांपैकीच एक निवडा. माझं मत स्पष्ट आहे: शाळेचा आग्रह सोडू नका.

महिन्याला ८,००० रुपये होतात. मोठ्या संस्थेच्या ताळेबंदात ही रक्कम दिसणारही नाही. शाळेत मात्र त्यातून एका मदतनीस ताईंच्या मानधनाचा मोठा वाटा निघेल. छोट्या संस्थांना वाढदिवसाचं जेवण मिळतं, दिवाळीचा फराळ मिळतो, जुने संगणकही मिळतात. वीजबिलाला आणि पगाराला देणगीदार मिळत नाही. शिवाय प्रकल्पासाठी पैसे देणारे बरेचदा 'मानधनावर खर्च नको' अशी अट घालतात. ठरलेल्या तारखेला, विनाअट येणारा पैसा म्हणूनच इतका मोलाचा. संमतीपत्रात 'दैनंदिन खर्चासाठी' असं लिहा. 'कॉर्पस' म्हणून दिलंत, तर रक्कम गुंतवून ठेवावी लागते आणि शाळेच्या हाती फक्त व्याज येतं.

आता करसवलत. ब्रिटनमध्ये १९८७ पासून अशी देणगी कर लागण्याआधीच पगारातून वजा होते. आपल्याकडे तसं नाही, कपात हातात येणाऱ्या पगारातून होते. देणगीवरची ८०जी कलमाची आयकर सवलत फक्त जुन्या करप्रणालीत मिळते, तीही अशा संस्थांसाठी साधारणपणे देणगीच्या ५० टक्क्यांवर. वर्षाचे २,४०० दिलेत तर १,२०० ची वजावट, म्हणजे २० टक्क्यांच्या टप्प्यात सुमारे २५० रुपये वाचतील. तेवढ्यासाठी कुणी करप्रणाली बदलू नये. पंतप्रधान मदत निधीसारखे मोजके निधी सोडले तर कंपनी ही वजावट टीडीएसमध्ये (पगारातून आधीच कापल्या जाणाऱ्या करात) धरत नाही, ती विवरणपत्रात स्वतः मागावी लागते.

घोळ होतो तो पावतीत. कंपनीने सगळ्यांचे पैसे एकरकमी पाठवले आणि पावती कंपनीच्या नावाने फाटली, की कामगाराच्या हाती काहीच उरत नाही. म्हणून दर महिन्याच्या रकमेसोबत नाव, पॅन, पत्ता आणि रक्कम यांची यादी जायलाच हवी. त्यावरून संस्था ३१ मेपर्यंत १०बीडी हे देणग्यांचं विवरण आयकर खात्याकडे भरते आणि प्रत्येकाला १०बीई हे देणगीचं प्रमाणपत्र देते. शाळेत हे काम कोण करणार, ते आधीच विचारा. लेखनिक नसेल तर तुमच्यातल्या अकाउंट्सवाल्याने वर्षातून एक रविवार द्यावा, ही मदतही पैशाइतकीच मोठी आहे.

एचआरकडे जाताना धर्मादाय आयुक्तांकडील नोंदणी, मुदतीत असलेला ८०जीचा आदेश आणि गेल्या तीन वर्षांचे लेखापरीक्षण अहवाल घेऊन जा. नकाराचं कारण बहुधा कागदपत्रांचंच असतं. कंपनीने तुमच्याइतकीच भर सीएसआरमधून, म्हणजे कंपनीच्या सामाजिक कामांसाठीच्या निधीतून, घालावी असं वाटत असेल, तर शाळेची सीएसआर-१ नोंदणी लागेल. एप्रिल २०२१ पासून त्याशिवाय संस्थेमार्फत सीएसआरचा पैसा खर्च करता येत नाही. आणि तुमच्या पगारातली रक्कम कंपनीच्या सीएसआरमध्ये धरली जात नाही ना, हे लेखी घ्या.

संमतीपत्र मराठीत असू द्या, आणि कपात कधीही थांबवता येईल हे त्यात ठळक लिहा. लाइनवरच्या पोरांच्या सह्या सुपरवायझरने गोळा करू नयेत. साहेबांसमोर नाही म्हणणं कुणालाच जमत नाही.