कॉर्ससारखा मेळ: रील, टिन व्हिसल आणि ड्रमचा ठेका

प्रश्न असा आहे: घरातल्या चौघांचा बँड, गिटार-व्हायोलिन-ड्रम तयार, गायिकेने नवी टिन व्हिसल (सहा भोकांची छोटी आयरिश बासरी) घेतलीय, 'द कॉर्स' या आयरिश पॉप बँडसारखं वाजवायचंय, पण आयरिश धून गाण्याला वरून चिकटवल्यासारखी वाटते.

दोष बहुधा मोजणीत आहे. रील म्हणजे जलद आयरिश नाचाची धून. तिच्या एका बारमध्ये (आवर्तनात) आठ झटपट स्वर असतात. ड्रमरने त्यातल्या प्रत्येक दुसऱ्या स्वराला एक मात्रा धरली की सगळी धावपळ होते. क्लिक (मेट्रोनोम) मिनिटाला १०५ मात्रांवर ठेवा आणि एका मात्रेत चार स्वर बसवा. म्हणजे पॉपच्या एका बारमध्ये रीलचे दोन बार मावतात, आणि किक (पायाने वाजणारा मोठा ड्रम) आणि स्नेअर निवांत राहतात. पूर्ण रील ३२ बारची, म्हणजे तुमचे १६ बार, जवळजवळ ३७ सेकंद. गाण्याच्या मध्ये एवढं कोणी ऐकत नाही. पहिला भाग एकदाच घ्या: तुमचे चार बार, नऊ सेकंद, आणि लगेच गाणं. जिग (आयरिश नाचाच्या धुनेचा दुसरा प्रकार) घेतलीत तर बारमध्ये तीन-तीन स्वरांचे दोन गट. दादरा माहीत असेल तर हात लगेच बसेल.

दुसरी अडचण पट्टीची. साधी व्हिसल डी मेजरची, म्हणजे पांढरी दोन. तिच्यावर डी, जी, ई मायनर आणि बी मायनर सहज वाजतात. गाणं एफमध्ये असेल तर भोकं अर्धी-अर्धी दाबत बसू नका, सी व्हिसल आणा. तिच्यावर एफ तितकाच सोपा, जितका डीच्या व्हिसलवर जी. गिटारवाल्याचं काय, तो कॅपो (तारा दाबून पट्टी चढवणारा चिमटा) लावेल.

कॉर्ड्सचा मोह आवरा. बऱ्याच रील ई डोरियनसारख्या चालीत (मायनरच्या जवळच्या एका जुन्या स्वरसप्तकात) असतात. तिथे ई मायनर आणि डी या दोनच कॉर्ड पुरतात. मध्येच बी मेजर आणलात तर त्यातला डी शार्प धुनेतल्या डीशी भांडतो.

आता कॉर्सकडे नीट पाहा. डंडॉकची ही चार भावंडं: अँड्रिया गाते आणि व्हिसल वाजवते, शॅरन व्हायोलिन, कॅरोलाइन ड्रम आणि बोधरान (हातात धरायचा डफासारखा आयरिश ड्रम, उच्चार 'बाउरॉन'च्या जवळ), जिम गिटार-कीबोर्ड. गाणारीच व्हिसल वाजवते, त्यामुळे व्हिसल गाण्याच्या ओळीवर कधी चढूच शकत नाही. ती सुरुवातीला आणि मोकळ्या जागेत येते. तुमचीही तीच मर्यादा आहे, तिला फायदा समजा. १९९५च्या पहिल्या अल्बमवर तर गाण्यांच्या मध्ये छोटे वाद्यतुकडेच ठेवलेत. तेवढे सलग ऐका.

बोधरानचं बकरीचं कातडं पावसाळ्यात ढिलं पडतं आणि आवाज खाली बसतो, कोरड्या एसी हॉलमध्ये ताणून टणटणीत होतं. म्हणून कार्यक्रमाच्या आधी अर्धा तास स्टेजवर काढून ठेवा. बोधरान आणि किक एकाच ठोक्यावर वाजले तर खालचा आवाज चिखल होतो. दोघांपैकी एकाने धुनेच्या त्या चार बारमध्ये गप्प बसायचं, आणि माझ्या मते किकने.

व्हिसल थंड असताना उतरलेली असते, म्हणून आधी दोन मिनिटं फुंकून गरम करा आणि मगच व्हायोलिन लावा. मध्येच आवाज घोगरा झाला तर आत ओल साचली आहे: तोंडाजवळची खिडकी बोटाने झाका आणि एकदा जोरात फुंका.

रेकॉर्डिंगमध्ये व्हिसल आणि व्हायोलिन क्वांटाइझ करू नका, म्हणजे कॉम्प्युटरने स्वर मात्रेवर ओढून बसवू नका. रीलची झुलवणारी असमानता तिथेच मरते. क्लिकवर फक्त ड्रम बसवा.