पुण्यात घराजवळच्या मेडिकलमध्ये फ्लूची लस टोचून मिळते का?

लस मिळते, टोचून मिळत नाही. पण एवढं सांगून थांबले तर तुम्ही उद्या थेट दुकानात जाल आणि मी केला तोच घोटाळा कराल, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

तुम्ही लिहिलंय की ऑक्टोबरमध्ये न्यू जर्सीत मुलाकडे असताना त्याने तुम्हाला औषधाच्या दुकानात नेलं, काउंटरवरच्या मुलीने दंडाला सुई टोचली आणि दहा मिनिटांत तुम्ही बाहेर. मग कोथरूडमध्ये असं का होऊ नये? कारण तिकडे फार्मासिस्टला टोचायचं रीतसर प्रशिक्षण देतात आणि कायद्याने तशी मुभाही आहे; २००९ पासून तर पन्नासही राज्यांत. आपल्याकडच्या मेडिकलवाल्याचा परवाना औषध विकण्याचा, सुई टोचण्याचा नाही. कोपऱ्यावरचा ओळखीचा दुकानदार "या आत, टोचतो मी" म्हणाला तर गोड बोलून नकार द्या. त्याच्या हातात कसब नसतं असं नाही. पण लाखोंत एखाद्याला लशीची जोरदार ॲलर्जी येते, आणि त्या वेळी लागणारं ॲड्रेनलिन आणि ते देणारा माणूस जागेवर हवा. बिस्किटं-शाम्पूच्या रॅकमागे तो नसतो.

म्हणजे आपल्याकडे या कामाचे दोन तुकडे होतात: लस दुकानातून, सुई डॉक्टरांकडे. खरी मेख या दोन तुकड्यांच्या मधल्या वाटेत आहे. फ्लूची लस २ ते ८ अंश सेल्सियसमध्येच राहायला हवी. कंपनीपासून दुकानातल्या फ्रिजपर्यंत ती जबाबदारी दुसऱ्यांची असते. पिशवी तुमच्या हातात पडली की तुमची.

आता घोटाळा. २०२२ चा जून. ह्यांना मधुमेह, मला दम्याचा त्रास, म्हणून आम्ही दोघंही दरवर्षी घेतो. सकाळी मंडईच्या वाटेवर मी दोन डोस घेतले, कारण दुकानदार म्हणाला दोनच शिल्लक आहेत. डॉक्टरांचा दवाखाना संध्याकाळी सहाचा. मला पुढे बँकेत जायचं होतं, म्हणून पिशवी ह्यांच्या हाती दिली आणि बजावलं, "घरी गेल्या गेल्या फ्रिजमध्ये ठेवा, थंडच राहिली पाहिजे." ह्यांनी ते फारच मनावर घेतलं. संध्याकाळी बघते तर दोन्ही खोकी फ्रीझरमध्ये, मटारची पिशवी आणि खवलेल्या खोबऱ्याचा डबा यांच्यामध्ये. सिरिंजमधल्या अर्ध्या मिलीचा बर्फ. "थंड म्हणजे थंड," ह्यांचं म्हणणं.

मला वाटलं, वितळली की झालं. डॉक्टरांनी खोक्यावरची ओळ दाखवली: गोठवू नये, गोठल्यास वापरू नये. उन्हात राहिलेल्या लशीची काळजी सगळेच करतात, पण गोठलेली लसही तितकीच वाया जाते, आणि वितळल्यावर ती पुन्हा पाण्यासारखी स्वच्छ दिसते. आम्ही दोन तास उशिरा गेलो असतो तर कुणालाच कळलं नसतं, आणि अख्खा पावसाळा आम्ही लस घेतल्याच्या समजुतीत काढला असता. साडेतीन हजाराच्या आसपास रुपये गेले. सिरिंजा डॉक्टरांनीच त्यांच्या दवाखान्याच्या कचऱ्यात टाकायला ठेवून घेतल्या. सुईवाली वस्तू घरच्या कचऱ्यात टाकू नका, घंटागाडीवरच्या बाईंच्या हाताला लागते.

तेव्हापासून क्रम उलटा केलाय. आधी डॉक्टरांना फोन: बाहेरून आणलेली लस टोचाल का? हे विचाराच, कारण काही डॉक्टर सरळ नाही म्हणतात. पूर्वी मला त्याचा राग यायचा, स्वतःकडचीच खपवायची असते वगैरे. मटारप्रकरणानंतर राग गेला. वाटेत तिचं काय झालं हे त्यांना कसं कळणार? ते हो म्हणाले की चिठ्ठी घ्यायची. दुकानात जायचं ते दवाखाना उघडायच्या अर्धा तास आधी, आणि तिथून थेट दवाखान्यात. घरचा फ्रिज मध्ये येऊच द्यायचा नाही. आलाच तर मधल्या कप्प्यात, दारात नाही, मागच्या भिंतीला टेकवून नाही.

दुकानही जरा पारखून घ्या. लशी, इन्शुलिन वगैरे विकायला औषध दुकानाला वेगळा परवाना लागतो, तो भिंतीवर लावलेला असतो. मी मात्र भिंतीपेक्षा फ्रिज बघते. आत तापमापी आहे का, आणि दुकानदाराच्या डब्याची भाजी त्याच फ्रिजमध्ये आहे का. वीज गेल्यावर काय करता, असंही एकदा विचारून बघा. ज्याच्याकडे इन्व्हर्टर असतो तो लगेच आणि अभिमानाने सांगतो. लस देताना तो आइस पॅक देईल. तो दगडासारखा कडक असेल तर खोकं त्याला चिकटवू नका, मध्ये कागदाची जाड घडी घाला. सरकारी लसीकरणातल्या नर्सबाई पॅक हलवून बघतात, आतलं पाणी खुळखुळायला लागलं की मगच पेटीत ठेवतात. तीच युक्ती. आणि बिल घ्या, बॅच नंबर आणि एक्स्पायरी त्यावर असते.

खोक्यावर आणखी एक गोष्ट वाचायची असते. जागतिक आरोग्य संघटना वर्षातून दोनदा लशीत कोणते विषाणू घालायचे ते सुचवते, फेब्रुवारीत उत्तर गोलार्धासाठी आणि सप्टेंबरात दक्षिण गोलार्धासाठी. भारत नकाशात उत्तरेला, पण आपल्याकडे फ्लूच्या लाटा दोन: एक जानेवारी ते मार्च, दुसरी पावसाळ्यात. महाराष्ट्रात पावसाळ्यातली जास्त त्रास देते. म्हणून मेच्या शेवटी किंवा जूनच्या सुरुवातीला, दक्षिण गोलार्धाच्या चालू वर्षाची लस मागायची. शरीराला तयारीला साधारण दोन आठवडे लागतात. आमच्या घरातला हिशेब सोपा आहे, पालख्या पुण्यात यायच्या आधी. तुमची ऑक्टोबरातली अमेरिकन लस तिथल्या हिवाळ्यासाठी होती. जूनपर्यंत तिचा जोर बराच ओसरलेला असेल, तेव्हा इथली पुन्हा घ्यायची का ते डॉक्टरांना विचारा. तिकडच्या नोंदीचा कागद किंवा मोबाइलवरचा फोटो बरोबर न्या.

दुकानदार तुम्हाला फ्लूच्या विषाणूच्या चार प्रकारांवरची आणि तीन प्रकारांवरची, अशा दोन लशी दाखवू शकेल. तीनवाली म्हणजे कमी प्रतीची नव्हे. चौथा प्रकार, बी/यामागाता, मार्च २०२० नंतर जगात सापडल्याची खात्रीशीर नोंदच नाही, म्हणून संघटनेनेच सप्टेंबर २०२३ पासून तो वगळायला सुचवलं. "स्वाइन फ्लूची वेगळी द्या" असंही मागू नका. २००९ चा तो एच१एन१ विषाणू आता दरवर्षीच्या लशीत असतोच.

ते वर्ष पुणेकर कसं विसरतील! स्वाइन फ्लूने देशात पहिला बळी गेला तो इथेच, ३ ऑगस्ट २००९ ला, चौदा वर्षांची शाळकरी मुलगी. आठवड्याभरात शाळा बंद, थिएटरं बंद, नायडू हॉस्पिटलबाहेर रांगा. मास्क संपले म्हणून लोक रुमाल बांधून फिरत होते. आमच्या शेजारणीने कापूर-वेलदोड्याची पुरचुंडी करून सगळ्या वाड्याला वाटली होती, मीही ती महिनाभर हुंगली. त्याचा काही उपयोग झाला असेल असं नाही, पण आजही फ्लूची लस म्हटलं की मला पहिल्यांदा कापराचाच वास येतो.

खर्चाचं म्हणाल तर गेली दोन-तीन वर्षं छापील किंमत दीड ते दोन हजारांच्या घरात बघितली आहे. मेडिकलवाला थोडी सूट देतो, डॉक्टर टोचण्याचे शंभर-दोनशे घेतात. दवाखान्यातच सगळं केलं तर तीन-चारशे जास्त जातात. खरं सांगायचं तर सत्तरीच्या माणसाने तेवढे जास्त द्यावेत आणि थर्मोकोलचा डबा घेऊन रिक्षा शोधत फिरू नये. मी बाहेरून आणते कारण दुकान आणि दवाखाना एकाच इमारतीत आहेत, मध्ये फक्त जिना. तुमच्याकडे तसं नसेल तर माझं ऐका, दवाखान्यातलीच घ्या. शिवाय गरोदर बायका, मधुमेही आणि रक्तदाबाचे रुग्ण यांना सरकारी रुग्णालयांतून ही लस मोफत देण्याची योजना महाराष्ट्रात २०१५ पासून आहे. साठा असतोच असं नाही, पण विचारायला पैसे पडत नाहीत.

आमच्या सासूबाईंनी (वय ८४) मागच्या वर्षी एक प्रश्न विचारला होता, तो तुमच्याही घरात निघेल. "ही अंड्यातली असते म्हणे?" बहुतेक फ्लूच्या लशींचा विषाणू कोंबडीच्या अंड्यात वाढवतात, हे खरं आहे. मी खोटं बोलले नाही. त्यांनी थोडा विचार केला आणि म्हणाल्या, "मग आषाढीच्या आधी काय ते टोचून घे. चातुर्मास लागल्यावर नको." अंड्याची ॲलर्जी असलेल्याने मात्र डॉक्टरांना आधी सांगावं.

लस घेतली की फ्लू होणारच नाही, अशी अपेक्षा ठेवू नका. लशीतला विषाणू त्या वर्षी फिरणाऱ्या विषाणूशी चांगला जुळला तरीसुद्धा डॉक्टरकडे जायची पाळी आणणारा फ्लू ती ४० ते ६० टक्क्यांनी कमी करते. झालाच तर न्यूमोनियापर्यंत, हॉस्पिटलपर्यंत जायची शक्यता घटते, आणि आमच्या वयाला तेच हवं असतं. लशीनेच फ्लू होतो हे मात्र खरं नाही, त्या सिरिंजेत जिवंत विषाणू नसतो. दंड दुखतो, कधी एक दिवस कणकण येते. ज्या हाताने पोळ्या लाटता तो सोडून दुसऱ्या दंडात घ्या.

आणि टोचल्यावर पंधरा-वीस मिनिटं तिथेच बसायला सांगतात, ती बसा. ह्यांना नेमकी तेव्हाच खालच्या टपरीवर चहा प्यायची हुक्की येते. मी आता दवाखान्याच्या दाराशी काढलेल्या ह्यांच्या चपला माझ्या खुर्चीखाली घेऊन बसते.