गणपतीआधी गावचं बंद घर साफ करायला कोणाला सांगायचं?

ताई, तुमचा प्रश्न वाचला. घर देवगडच्या बाजूला, मे महिन्यात कुलूप लावून ठाण्याला गेलात, आता चतुर्थीच्या आदल्या दिवशी पोचणार आणि तोवर कुणाकडून तरी घर लख्ख करून हवंय. ऑनलाइन एखादी क्लीनिंगवाली कंपनी मिळेल का, भिंतीवर पांढरं आलंय त्याचं काय करायचं, असं विचारलंयत. मी इथेच राहते, वाडीतल्या बऱ्याच बंद घरांच्या चाव्या माझ्याकडे असतात, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी वेळेचं बघा, कारण सगळं तिथेच अडतं. आषाढात बायका लावणीला शेतात असतात, तेव्हा कुणी येणार नाही. लावणी आटपली की श्रावणात मधले थोडे दिवस मोकळे मिळतात, तेच धरायचे. चतुर्थी आठवड्यावर आली की ज्याच्या त्याच्या घरी रंग, सारवण, मखर, माटवीची (गणपतीवर टांगायच्या फळाफुलांच्या छताची) तयारी, मग जास्त पैसे देते म्हटलं तरी माणूस मिळत नाही, आणि मिळू पण नये, त्यांच्या घरी पण गणपती येतोच ना. तेव्हा आत्ताच फोन करा. आणि काम दोन खेपांत करून घ्या, आता एकदा घर उघडून, वारा देऊन मोठी सफाई आणि तुम्ही यायच्या आदल्या दिवशी फक्त केर-फरशी.

कंपनीचं म्हणाल तर रत्नागिरी, कणकवलीसारख्या ठिकाणी सर्व्हिसवाले मिळतात, सोफा धुणं, पाण्याची टाकी असल्या कामाला बोलवायला हरकत नाही. पण कौलारू घर, लाल कोबा (सिमेंटची घोटलेली जमीन), जांभ्याच्या भिंती याची ज्याला सवय नाही त्याच्या हाती आख्खं घर देऊ नका. आमच्या शेजारी अशाच एका टीमने डाग जात नाही म्हणून माजघरातल्या कोब्यावर ॲसिड ओतलं. फेस आला, डाग गेला आणि देव्हाऱ्यापुढे परातीएवढा पांढरा खरबरीत चट्टा उठला, तो आजतागायत तसाच आहे. सिमेंट, कडप्पा, शहाबादी, संगमरवर, सगळ्यात चुन्याचा अंश असतो आणि ॲसिड तोच खातं. व्हिनेगर, लिंबू पण तिथे नको. साबणाचं कोमट पाणी आणि ब्रश, बस.

माणसं शोधायला गावातल्या बचत गटाच्या ताईंना फोन करा, कोण रिकामं आहे ते त्यांना बरोबर माहीत असतं. दोन बायका एकत्र सांगा, बंद घरात एकटीला पाठवू नका. उक्तं (सगळ्या कामाचे एकरकमी) देण्यापेक्षा हजेरीने द्या, उक्त्यात घाई होते आणि कपाटामागची बुरशी तशीच राहते. दर वाडीत चालतो तोच, घासाघीस नको, चहा-जेवणाचं आधी बोलून ठेवा आणि पैसे त्याच संध्याकाळी. वासे-कौलांवरची कोळिष्टकं काढायला, कौलं बघायला गडी वेगळा, ते काम बायकांच्या गळ्यात घालू नका. दागिने, कागदपत्रं असतील ती खोली कुलूपबंदच ठेवा, म्हणजे मागाहून कुणावर संशय नको.

आता कामाला येणाऱ्यांच्या जिवाचं, आणि हे कृपा करून मनावर घ्या. इतके महिने बंद घरात पहिल्यांदा पाऊल टाकताना हातात टॉर्च आणि काठी हवी. लाकडांचा ढीग, न्हाणीचा कोपरा, जुन्या गोणी, इथे फुरसं किंवा विंचू असू शकतो, हात घालायचा नाही, आधी काठीने हलवायचं. साप दिसला तर सर्पमित्राला बोलवा. विंचू चावला तर मंत्र-बिंत्र करत बसू नका, थेट सरकारी दवाखाना. डॉ. हिंमतराव बावस्करांनी महाडला राहून लाल विंचवाच्या दंशावर प्राझोसिन या औषधाचा उपचार दाखवून दिला, त्याने किती जीव वाचलेत, वेळेत पोचायला मात्र हवं. उंदरांच्या लेंड्या सुक्या झाडायच्या नाहीत, आधी ब्लीचच्या पाण्याने भिजवून मग उचलायच्या, हातमोजे, मास्क आणि पायात गमबूट. लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस हा आजार) उंदराच्या मुतातून पसरतो आणि सिंधुदुर्गात पावसाळ्यात त्याचे पेशंट निघतात. आणि संडासाच्या टाकीत माणूस उतरवायचा नाही म्हणजे नाही, 2013 च्या कायद्याने बंदी आहे, आत विषारी वायू असतो, सक्शनची गाडीच बोलवायची.

अजून एक, टॉयलेट क्लीनरमध्ये ॲसिड असतं. ते आणि ब्लीच किंवा टीसीएल (ब्लीचिंग) पावडर एकत्र आली की क्लोरीन वायू सुटतो. बंद न्हाणीघरात हे फार वाईट. तुम्ही सामान पाठवताना दोन्ही पाठवू नका, एकच पाठवा, ते जास्त सोपं.

भिंतीवरच्या पांढऱ्याचं असं, त्यावर पाण्याचा फवारा मारा. विरघळून नाहीसं झालं तर तो लोणा, म्हणजे ओलीबरोबर भिंतीतून वर आलेला क्षार, तो सुक्या ब्रशने झाडायचा, धुतला तर परत आत मुरतो. तसंच राहिलं, वास आला, तर बुरशी. ऑइलपेंट किंवा टाइल्सवरच्या बुरशीला एक लिटर पाण्यात 60 मिलि ब्लीच, त्याहून कडक नको, खिडक्या उघड्या ठेवून, मग साध्या पाण्याने पुसून सुकं करायचं. लाकडावर ब्लीच चालत नाही, वरचा डाग जातो, आतली तशीच राहते. लाकूड साबणाच्या पिळलेल्या फडक्याने पुसा, पंखा लावून वाळवा. श्रावणात मुळात घर धुवायचंच नाही, पुसायचं. बादल्या ओतल्या की ओल वाळत नाही आणि चतुर्थीपर्यंत बुरशी पुन्हा हजर, मला विचाराल तर निम्मी घरं इथेच बिघडतात. रंग पण आता नको, पाऊस गेल्यावर चुना मारून घ्या, चुन्याची भिंत श्वास घेते.

बाथरूममध्ये पिवळे-तांबूस डाग असतील तर ते विहिरीच्या पाण्यातल्या लोहाचे, ब्लीचने अजून पक्के होतात. फक्त सिरॅमिक टाइलवर, ब्लीच वापरलं नसेल तेव्हाच, लिंबूसत्त्व पाण्यात विरघळवून दहा मिनिटं ठेवा आणि घासा. ग्रिल, पंख्याची पाती खाऱ्या वाऱ्याने चिकट होतात, ती गोड्या पाण्याच्या फडक्याने पुसून लगेच कोरडी करा, आणि ग्रिलला तेलाचा हलका हात. समई, तांब्याला रात्रभर भिजवलेली आमसुलं बेस्ट.

आणि बायका घरात शिरायच्या आधी वायरमनला पाठवा. पावसात बोर्डात ओल उतरलेली असते, त्याने बघून सांगितल्याशिवाय मेन स्विच चालू करू देऊ नका. गावाचं नाव व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, आमच्या बाजूचं असेल तर बचत गटाच्या ताईंशी मीच बोलते.